सहा वर्षांची शिष्टाई

चिलीतल्या ओसोर्नो शहराहून पूर्वेकडे निघालेला रस्ता पुयेवे सरोवराच्या काठाने जातो, दाट ओल्या जंगलातून अँडीज पर्वत चढतो आणि सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या खिंडीतून अर्जेंटिनात उतरतो. या खिंडीचे अधिकृत नाव आहे 'कार्डिनल आंतोनियो सामोरे'. सामोरे चिलीचे नव्हते आणि अर्जेंटिनाचेही नव्हते. इटलीतल्या बार्दी गावी 1905 साली जन्मलेले ते धर्मगुरू. उतारवयात व्हॅटिकनच्या ग्रंथालयाची आणि दप्तरखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आपल्याकडे घोडखिंडीची पावनखिंड झाली, ती बाजीप्रभूंनी आणि बांदलांच्या मावळ्यांनी तिथे देह ठेवला म्हणून. अँडीजमधल्या या खिंडीला नाव मिळाले ते कुणालाही देह ठेवावा लागू नये म्हणून झटलेल्या माणसाचे.

1978 च्या नाताळच्या तोंडावर चिली आणि अर्जेंटिना युद्धापासून काही तासांवर येऊन ठेपले होते. हल्ल्याची तारीख ठरली होती आणि दोन्ही आरमारे समुद्रात होती. ते युद्ध झाले नाही. मात्र ते कसे टळले याची गोष्ट त्या एका रात्रीत संपत नाही. ती पुरी व्हायला सहा वर्षे लागली.

एका वाक्यावरून तंटा

चिली आणि अर्जेंटिना यांचे नाते भावाभावांचे. 1817 साली अर्जेंटिनाचे सान मार्तिन सैन्यासह अँडीज ओलांडून चिलीत उतरले आणि चिलीच्या ओ'हिगिन्स यांच्या साथीने त्यांनी चाकाबुको येथे स्पॅनिश राजवटीच्या फौजेचा पराभव केला. भाषा एक, धर्म एक, स्वातंत्र्याचा लढाही एकत्र लढलेला. पण भाऊबंदकी पेटते ती बांधावरून, आणि या दोघांमधला बांध पाच हजार किलोमीटरहून लांब आहे.

1881 साली दोघांनी सीमेचा तह केला. अँडीजच्या उंच शिखररांगेवरून सीमा जाईल, हे ठरवणे सोपे होते. अडचण होती दक्षिणेच्या टोकाला. तिथे खंड संपतो आणि त्याचे बेटांमध्ये तुकडे होतात. तिएरा देल फुएगो हे सर्वांत मोठे बेट उभी रेघ मारून दोघांनी वाटून घेतले. त्या बेटाच्या खालून पूर्व-पश्चिम पसरलेली चिंचोळी सामुद्रधुनी म्हणजे बीगल. चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून जगप्रवासाला निघाला, त्या जहाजाचे नाव तिला मिळाले आहे. या सामुद्रधुनीच्या दक्षिणेला केप हॉर्नपर्यंत असलेली सगळी बेटे चिलीची, असे तहात लिहिले गेले.

सामुद्रधुनी पूर्वेला नेमकी कुठे संपते, हे मात्र लिहायचे राहिले. तिच्या पूर्वेकडच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटे आहेत. सामुद्रधुनी सरळ पूर्वेला जाते असे मानले, तर बेटे तिच्या दक्षिणेला पडतात आणि चिलीची होतात. ती नावारिनो बेटाला वळसा घालून दक्षिणेकडे वळते असे मानले, तर बेटे तिच्या पूर्वेला राहतात आणि अर्जेंटिनाला त्यांच्यावर हक्क सांगता येतो. 1893 साली झालेल्या पुरवणी कराराने आणखी एक मुद्दा हाती दिला. चिलीने अटलांटिककडे काही मागू नये आणि अर्जेंटिनाने पॅसिफिककडे, असे त्यात होते. अर्जेंटिनाने हे तत्त्व शिरोधार्य मानले. चिलीचे म्हणणे होते की ते डोंगरातल्या सीमेपुरते आहे, बेटांना लागू नाही.

तिन्ही बेटे मिळून बृहन्मुंबईपेक्षाही लहान भरतील. वारा, पाऊस आणि मेंढ्या, एवढेच तिथे होते. तरीही या प्रश्नाची धार दशकागणिक वाढत गेली. सत्तरच्या दशकात किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर आर्थिक हक्क सांगण्याची रीत रूढ होऊ लागली. बेट ज्याचे, त्याच्या भोवतालचा समुद्रही त्याचा, त्यातली मासळी त्याची आणि तळाशी तेल असेल तर तेही त्याचेच. शिवाय अंटार्क्टिकावरच्या दोघांच्या दाव्यांची वाटही तिथूनच जात होती. तीन उजाड बेटे आता एका अफाट समुद्राची किल्ली झाली होती.

दोघे याआधीही एकदा असेच समोरासमोर आले होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोघांनी युरोपात युद्धनौका बांधायला टाकल्या आणि खजिने रिते होऊ लागले. 1902 साली शहाणपण सुचले. मे महिन्यात त्यांनी करार करून आरमारावर मर्यादा घालून घेतली, तंटे ब्रिटनच्या राजाच्या लवादाकडे न्यायचे ठरवले आणि बांधून होत आलेल्या नौका विकून टाकल्या. अर्जेंटिनाच्या दोन नौका जपानने घेतल्या. त्यांचीच 'निशिन' आणि 'कासुगा' झाली आणि 1905 साली त्सुशिमाच्या लढाईत त्या रशियाविरुद्ध लढल्या. एकमेकांवर रोखायच्या तोफा दुसऱ्याच समुद्रात दुसऱ्याच युद्धात धडाडल्या. इकडे दोघांच्या सीमेवर, 3800 मीटरहून अधिक उंचीच्या खिंडीत, मार्च 1904 मध्ये येशू ख्रिस्ताचा कांस्यपुतळा उभा राहिला, दोन्ही देशांतल्या शांततेची खूण म्हणून.

निवाडा आणि नकार

1958 साली बीगलमधल्या स्नाइप नावाच्या खडकाएवढ्या बेटावर चिलीने दीपस्तंभ उभारला. अर्जेंटिनाने तो पाडला आणि बेटावर आपले नौसैनिक उतरवले. प्रकरण कसेबसे मिटले, पण असे खटके आता कधीही उडू शकतात हे दोघांना कळले. 1971 मध्ये चिलीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे आणि अर्जेंटिनाचे लष्करी अध्यक्ष आलेहांद्रो लानुसे यांनी तंटा लवादापुढे न्यायचे मान्य केले. एक समाजवादी, दुसरा जनरल. तरीही त्यांचे यावर एकमत झाले.

जुन्या करारानुसार निवाडा ब्रिटिश राजमुकुटाच्या नावाने व्हायचा होता. पण ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून स्वतंत्र वाद होता. म्हणून प्रत्यक्ष निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांकडे सोपवला गेला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, नायजेरिया आणि स्वीडन या देशांचे ते होते. राणीने निर्णय जशाच्या तसा स्वीकारायचा किंवा फेटाळायचा, बदलायचा नाही, अशी अट होती.

न्यायाधीशांनी जुने नकाशे, पत्रव्यवहार, दर्यावर्दींच्या नोंदी तपासल्या. 2 मे 1977 रोजी निवाडा जाहीर झाला. तिन्ही बेटे चिलीची. अमलात आणायला नऊ महिन्यांची मुदत.

कायद्याच्या दृष्टीने तंटा संपला होता, पण ज्यांनी लवाद मान्य केला होता ते दोघेही आता सत्तेवर नव्हते. सप्टेंबर 1973 मध्ये जनरल आउगुस्तो पिनोशे यांनी आयेंदे यांचे सरकार उलथवले होते. मार्च 1976 मध्ये अर्जेंटिनात जनरल होर्हे व्हिदेला यांच्या लष्करी जुंटाने, म्हणजे सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने, सत्ता घेतली होती. दोन्ही राजवटी आपल्याच नागरिकांना उचलून नेत होत्या, छळत होत्या, नाहीसे करत होत्या. अर्जेंटिनाच्या चौकशी आयोगाने पुढे बेपत्ता केलेल्या 8960 माणसांच्या नोंदी केल्या. चिलीत पिनोशेंच्या काळात तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा गायब झाली. घरच्यांवर शस्त्र चालवणाऱ्या राजवटीला दारात शत्रू असणे सोयीचे असते. ज्याला घरात न्याय ठाऊक नाही, तो बाहेरच्या न्यायाधीशापुढे सहजासहजी मान तुकवत नाही.

25 जानेवारी 1978 रोजी अर्जेंटिनाने निवाडा रद्दबातल असल्याचे जाहीर केले. त्याच्या आगेमागे व्हिदेला आणि पिनोशे दोनदा भेटले, जानेवारीत अर्जेंटिनातल्या मेंदोसाला आणि फेब्रुवारीत चिलीतल्या पुएर्तो मोंतला. दुसऱ्या भेटीत संयुक्त समित्या नेमण्याचे ठरले. समित्यांनी नोव्हेंबरपर्यंत बोलणी केली. छोट्या मुद्द्यांवर कागद पुढे सरकले, बेटांवर आणि समुद्रावर तसूभरही नाही.

डिसेंबर 1978

जून 1978 मध्ये अर्जेंटिनाने आपल्याच मैदानावर फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. रस्त्यांवरचा तो जल्लोष वर्षअखेरीस पार बदलला. शहरांत दिवे मालवण्याचे सराव सुरू झाले आणि सैनिकांनी भरलेल्या आगगाड्या दक्षिणेकडे निघाल्या. जुंटाच्या योजनेचे नाव होते 'ऑपरेशन सोबेरानिया', म्हणजे सार्वभौमत्वाची मोहीम. आधी बेटांवर सैन्य उतरवायचे आणि पाठोपाठ अँडीजच्या खिंडींतून चिलीत घुसायचे.

चिलीची बाजू कमकुवत होती. लोकसंख्या अर्जेंटिनाच्या निम्म्याहून कमी. मानवी हक्कांच्या पायमल्लीमुळे अमेरिकेने 1976 साली शस्त्रविक्री बंद केलेली. त्यातच एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात चिलीने ज्यांचा मुलूख घेतला होता ते पेरू आणि बोलिव्हिया उत्तरेला टपून बसतील ही भीती. चिलीने सीमेवरच्या वाटांवर भूसुरुंग पेरले आणि आरमार दक्षिणेच्या फ्योर्डांमध्ये दडवून ठेवले. चिलीच्या ताफ्यात 'प्रात' ही क्रूझर होती. अर्जेंटिनाच्या ताफ्यात 'व्हेंतिसिंको दे मायो' ही विमानवाहू नौका आणि 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर. 'प्रात' आणि 'बेलग्रानो' दोन्ही मूळच्या अमेरिकन आरमाराच्या, एकाच बांधणीच्या. दुसऱ्या महायुद्धात एकाच ध्वजाखाली लढलेल्या या सख्ख्या बहिणी आता एकमेकींना बुडवायला निघाल्या होत्या.

12 डिसेंबरला शेवटची संधी आली. चिलीचे परराष्ट्रमंत्री एर्नान कुबियोस ब्युनोस आयर्सला आले आणि अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री कार्लोस पास्तोर यांच्याशी बोलणी झाली. मध्यस्थ कोण असावा, यावर दोघांचे चक्क एकमत झाले. पोप. पण संध्याकाळपर्यंत अर्जेंटिनाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो समेट उधळला. अध्यक्षपदी बसलेल्या व्हिदेलांचा शब्द त्यांच्याच जनरलांपुढे चालला नाही. सही न होताच कुबियोस परतले.

पोपचे नाव दोघांच्याही तोंडी का आले? दोन्ही देश कॅथलिक होते, हे एक कारण. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की व्हॅटिकनला त्या समुद्रात काहीच मिळवायचे नव्हते. तिथे ना त्याचे मासे होते, ना तेल, ना दुसऱ्या बेटावरचा दावा. ब्रिटनच्या नावाने आलेला निवाडा अर्जेंटिनात संशयाने पाहिला गेला होता. पोपच्या बाबतीत तसा संशय घेणे कुठल्याही जनरलला जड गेले असते.

त्या वर्षी रोममध्येही उलथापालथ चालू होती. पोप सहावे पॉल ऑगस्टमध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर आलेले पहिले जॉन पॉल अवघे 33 दिवस पदावर होते. एवढ्या थोड्या दिवसांतही त्यांनी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांच्या बिशपांना पत्र लिहून शांततेसाठी झटायला सांगितले. 16 ऑक्टोबरला पोलंडचे कारोल वोयतिला दुसरे जॉन पॉल म्हणून निवडून आले. महायुद्धात आपला देश तुडवला जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. ब्युनोस आयर्समधले पोपचे राजदूत पिओ लागी आणि अमेरिकेचे राजदूत राउल कास्त्रो हे दोघेही आपापल्या ठिकाणी कळवत होते की वेळ फार थोडा उरला आहे.

हल्ल्याची तारीख होती 22 डिसेंबर. त्या दिवसांत केप हॉर्नच्या आसपासचा समुद्र खवळला. वादळात सैन्य बेटांवर उतरवणे अशक्य होऊन बसले आणि काही मोलाचे तास हाती आले. चिलीचे आरमारही फ्योर्डांतून बाहेर पडून सामन्याला निघाले होते. त्याच 22 डिसेंबरला पोपनी दोन्ही सरकारांना कळवले की आपण खास दूत पाठवत आहोत, आणि कार्डिनलांच्या सभेत ते जाहीरही केले. आता कोणाही जनरलला 'निरोप मिळालाच नाही' असे म्हणता येणार नव्हते. नाताळला तीन दिवस असताना पोपच्या दूतावर दार लावून शेजाऱ्यावर तोफा डागायच्या, तर ते आपल्याच लोकांना कसे सांगायचे? जुंटाने होकार दिला. हल्ल्याचा हुकूम मागे घेण्यात आला आणि नौका वळल्या.

निसर्गाने तास दिले, हे खरे. पण त्या तासांत ऐकायला दुसरा कोणी आवाज नसता, तर वादळ ओसरल्यावर युद्ध सुरू झाले असते.

ग्रंथपालाची ये-जा

नाताळनंतर दुसऱ्याच दिवशी 73 वर्षांचे आंतोनियो सामोरे ब्युनोस आयर्सच्या विमानतळावर उतरले. पन्नासच्या दशकात कोलंबियात पोपचे राजदूत असल्याने लॅटिन अमेरिका त्यांना नवी नव्हती. ते बेटे कुणाची हे ठरवायला आले नव्हते. दोन्ही बाजूंना बोलते ठेवणे, एवढेच त्यांचे काम होते.

पुढचे दोन आठवडे ते ब्युनोस आयर्स आणि सान्तियागो यांच्यामध्ये अँडीजवरून ये-जा करत राहिले. एका राजधानीत ऐकलेले दुसऱ्या राजधानीत नेताना त्यातले काटे ते काढून टाकत आणि उत्तर घेऊन परतत. बोगद्याच्या टोकाला आशेचा एक मिणमिणता दिवा दिसतो आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार दोन्ही देशांत लोकांच्या तोंडी बसले. आपल्या महाभारतात कृष्णशिष्टाई फसली, कारण दुर्योधन सुईच्या अग्राएवढी जमीन द्यायला तयार नव्हता. सामोरेंनी सुरुवातीला जमिनीबद्दल विचारलेच नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी मागितल्या. बळ वापरणार नाही असा शब्द द्या, आणि सैन्य पूर्वीच्या जागी न्या.

8 जानेवारी 1979 रोजी उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ येथील तारांको प्रासादात दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या. पोपची मध्यस्थी मागायची, बळाचा वापर करायचा नाही आणि लष्कराची स्थिती 1977 च्या आरंभी होती तशी हळूहळू पूर्ववत करायची, असे ठरले. बेटांबद्दल त्यात एकही निर्णय नव्हता. सामोरेंची शिष्टाई सफल झाली ती यामुळेच, असे मला वाटते. जो प्रश्न त्या क्षणी सुटणार नव्हता, तो त्यांनी सोडवायला घेतला नाही. तो सुटेपर्यंत माणसे जिवंत राहतील एवढी सोय त्यांनी केली.

समुद्राची वाटणी

बोलणी व्हॅटिकनमध्ये सुरू झाली. ब्युनोस आयर्समधल्या त्या फसलेल्या भेटीनंतर बरोबर दोन वर्षांनी, 12 डिसेंबर 1980 रोजी, पोपनी आपला प्रस्ताव दोन्ही मंत्र्यांच्या हाती दिला. बेटे चिलीची, पण त्यांच्याभोवती चिलीला फार थोडे पाणी, आणि पलीकडे दोघांनी मिळून वापरायचा 'शांतीचा समुद्र'. चिलीने मान्यता दिली. अर्जेंटिनाने ना हो म्हटले, ना नाही. जुंटात अध्यक्ष बदलत राहिले, सीमा काही काळ बंद झाली, आणि सामोरे बोलणी चालू ठेवत राहिले.

मग 2 एप्रिल 1982 उजाडला. जनरल लिओपोल्दो गाल्तिएरी यांच्या जुंटाने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले. वाद पुन्हा दक्षिण समुद्रातल्या वाऱ्यापावसाच्या बेटांचाच होता. याही वेळी मध्यस्थ होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग लंडन आणि ब्युनोस आयर्स यांच्यात फेऱ्या मारत राहिले, पाठोपाठ पेरूच्या अध्यक्षांनी तोडगा मांडला. पण 1978 मध्ये दूत पोचला तो सैनिक उतरण्याआधी. 1982 मध्ये सैनिक आधी उतरले होते. बेटावर एकदा झेंडा रोवला की तो काढणे म्हणजे शरणागती, आणि न काढणे म्हणजे युद्ध. मध्यस्थाला उभे राहायला जागाच उरली नाही.

2 मे 1982 रोजी ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' बुडवली. तिच्यावरचे 323 जण मेले. साडेतीन वर्षांपूर्वी हीच नौका बीगलच्या मोहिमेवरून सुखरूप परतली होती. जूनच्या मध्यावर अर्जेंटिनाने शरणागती पत्करली तोपर्यंत तिचे 649 आणि ब्रिटनचे 255 सैनिक मारले गेले होते, आणि तीन बेटवासी स्त्रियाही. शेजाऱ्याशी बिनसल्याची किंमतही त्या युद्धात मोजावी लागली. चिलीच्या भीतीने अर्जेंटिनाच्या डोंगरी लढाईतल्या तुकड्या अँडीजच्या सीमेवर अडकून पडल्या, आणि चिलीने ब्रिटनला गुपचूप माहिती पुरवली.

1978 मध्ये बीगलवर काय झाले असते, याचा अंदाज करायला कल्पनाशक्ती लागत नाही. फॉकलंडकडे पाहिले की पुरे. फरक इतकाच की चिलीशी लढाई दोन-तीन बेटांवर थांबली नसती, ती पाच हजार किलोमीटरच्या सीमेवर पसरली असती.

मतपेटी

सामोरे 3 फेब्रुवारी 1983 रोजी रोममध्ये वारले. तह त्यांना पाहता आला नाही. पण त्यांनी मिळवून दिलेला वेळ आता फळाला येत होता. फॉकलंडच्या पराभवाने जुंटाचे पाय निखळले. 10 डिसेंबर 1983 रोजी लोकांनी निवडलेले राउल अल्फोन्सिन अर्जेंटिनाचे अध्यक्ष झाले. त्यांना शत्रूची गरज नव्हती.

नवा मसुदा तयार झाला आणि अल्फोन्सिन यांनी तो आधी लोकांपुढे ठेवला. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते. परराष्ट्रमंत्री दान्ते कापुतो यांनी विरोधी पेरोनवादी सिनेटर विसेंते सादी यांच्याशी दूरचित्रवाणीवर जाहीर वाद घातला आणि देशाने तो पाहिला. 25 नोव्हेंबर 1984 रोजी मतदान झाले. सुमारे 82 टक्के लोकांनी तहाला होकार दिला. सहा वर्षांपूर्वी जो निर्णय बंद दाराआड मूठभर गणवेशधाऱ्यांनी घेतला होता, तो आता लाखो साध्या माणसांनी उलट फिरवला. चार दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, व्हॅटिकनमध्ये शांतता आणि मैत्रीच्या तहावर सह्या झाल्या. अर्जेंटिनाच्या सिनेटमध्ये तो मार्च 1985 मध्ये 23 विरुद्ध 22, अवघ्या एका मताने संमत झाला.

तहात काय होते? बेटे चिलीची, जशी 1977 च्या निवाड्यात होती. तेच उत्तर अर्जेंटिनाने एकदा धुडकावले आणि सात वर्षांनी स्वीकारले. याचे कारण तहाच्या बाकीच्या कलमांत आहे. केप हॉर्नच्या पूर्वेचा बहुतांश समुद्र अर्जेंटिनाला मिळाला. एकमेकांच्या संदर्भात दोघांनी किनाऱ्यालगतच्या पाण्याचा हक्क तीन सागरी मैलांवर आणला. अटलांटिककडे चिलीने सरकू नये, या अर्जेंटिनाच्या जुन्या आग्रहाला प्रत्यक्षात मान मिळाला. जहाजांच्या ये-जेचे नियम ठरले, आणि पुढच्या तंट्यांसाठी आधी समेट मंडळ व मग लवाद अशी पायरी-पायरीची वाट आखली गेली. न्यायाधीशाला कागदात लिहिलेले शोधावे लागते. त्याच्या निवाड्यात एक जिंकतो, एक हरतो. मध्यस्थ मात्र जे कागदात नाही तेही टेबलावर मांडू शकतो. एकाला जमीन, दुसऱ्याला पाणी, आणि दोघांनाही घरी जाऊन सांगता येईल असे काहीतरी.

ही वाट नुसती कागदावर राहिली नाही. 1991 साली दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी सीमेवरच्या उरलेल्या 24 वादांची यादी केली आणि त्यातले 22 चर्चेने मिटवले. उरलेल्यांपैकी लागुना देल देसिएर्तोचा वाद लवादाकडे गेला. 1965 साली तिथे चकमकीत चिलीचा एक पोलीस अधिकारी मारला गेला होता. 1994 मध्ये निकाल लागला तो अर्जेंटिनाच्या बाजूने. फेरविचाराची मागणी फेटाळली गेल्यावर चिलीने तो मुकाट्याने मानला. 1978 मध्ये अर्जेंटिनाला जे जमले नव्हते, ते आता चिलीला जमले, कारण मधल्या काळात दोघांनी हरायला शिकून घेतले होते. चिलीने 1970 च्या दशकात उत्तर-दक्षिण सीमांवर पेरलेले सुमारे 1 लाख 80 हजार भूसुरुंग वेचून काढायला मात्र 2020 साल उजाडले. पेरायला काही महिने लागले होते, काढायला चाळीसहून अधिक वर्षे गेली.

मुत्सद्देगिरी म्हणजे चतुर बोलणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. बीगलची कहाणी वेगळे सांगते. तिथे तोडगा कुणी एका हुशार माणसाने एका रात्रीत काढला नाही. एका वृद्ध ग्रंथपालाने वेळ मिळवला, तो वेळ सहा वर्षे टिकवून धरला गेला, आणि त्या वेळात एका देशाने आपले राज्यकर्ते बदलले. मुत्सद्द्याला दर वेळी शांतता आणता येत नाही, पण ती येईपर्यंत दार उघडे ठेवता येते. ते दार पहिली गोळी सुटण्याआधी उघडावे लागते, हे फॉकलंडच्या समुद्रतळाशी असलेली 'बेलग्रानो' सांगते आहे.

2 मे 1977 ला निवाडा जाहीर झाला. 2 मे 1982 ला 'बेलग्रानो' बुडाली. 2 मे 1985 ला व्हॅटिकनमध्ये मान्यतेची कागदपत्रे बदलली गेली आणि तह अमलात आला. डिसेंबर 1978 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत असलेली आणि त्या थंड समुद्रात, त्या डोंगरांत हुकमाची वाट पाहत बसलेली दोन्ही देशांतली अठरा-वीस वर्षांची पोरे आज पासष्टीच्या आसपास आहेत. त्यातल्या अनेकांना नातवंडे झाली आहेत.